हे कायचं व्हय? टेबलावरच्या जुन्या टेलिफोन इंडेक्सविषयी

ओसरीतल्या माझ्या फडताळात असे अकरा डबे आहेत. घरी आलेला पाहुणा चहा होईस्तोवर त्यातला एखादा हातात घेतो, उलटासुलटा करून पाहतो आणि विचारतो, "हे कायचं व्हय भाऊ?" तिशीच्या आतला असला तर त्याला तो पानाचा डबा वाटतो. पन्नाशीपुढचा माणूस मात्र विचारत नाही. त्याचा अंगठा न सांगता खालच्या खटक्यावर जातो, झाकण खटकन उभं राहतं आणि तो आत वाकून कुणाकुणाचे नंबर आहेत ते वाचायला लागतो.

दुकानदार याला टेलिफोन इंडेक्स म्हणायचे. घरात ती नुसती ‘फोनची डबी’. पत्र्याची किंवा प्लास्टिकची चपटी पेटी, झाकणावर उजव्या बाजूला ओळीने ए ते झेड अक्षरं, त्यांच्या शेजारी वरखाली सरकणारा काटा आणि पुढच्या कडेला खटका. काटा ‘एम’वर आणायचा, खटका दाबायचा, की झाकण उघडतं ते थेट ‘एम’च्या पानावर. ना वीज लागते, ना सेल.

मी राहतो हिंगणघाटच्या बाजूच्या एका खेड्यात. घरची शेती कपाशी-तुरीची. अशा घरातला माणूस भंगारातून डबे विकत आणतो म्हटल्यावर लोक त्याच्याशी जरा सांभाळूनच बोलतात. आईचं म्हणणं, "डबडे आणून आणून घर भरवलं याने." त्यामुळे या डब्यांत एवढं आहे तरी काय, हे समजावून सांगायची सवय मला घरातूनच लागली. तेच इथे लिहितो.

एक हात अडकलेला माणूस

साध्या वहीत नंबर लिहिता येत असताना हा खटाटोप कशाला, हा पहिला प्रश्न. उत्तर मिळवायचं तर जुना फोन डोळ्यांसमोर आणा. डाव्या हातात रिसीव्हर, आणि तबकडी फिरवायला उजव्या हाताचं बोट. तबकडीवर नऊचा आकडा फिरवला की ती घरघरत परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा आकडा. आठ-दहा आकड्यांचा नंबर असेल तर तेवढा वेळ नजर नंबरावर हवी. आणि वही तर मिटते! तिच्यावर चष्म्याचं घर ठेवा, कोपर ठेवा, ती मधेच पान उलटतेच.

म्हणजे या वस्तूकडून तीन कामं हवी होती. एका हाताने उघडली पाहिजे, नेमक्या जागी उघडली पाहिजे, आणि उघडल्यावर उघडीच राहिली पाहिजे. जगभर या तीन कामांसाठी जे नाना प्रकार निघाले, तेच आज गोळा करणारे लोक शोधत फिरतात. प्रकार बरेच आहेत. फोन ज्यावर ठेवायचा ती पाटच आतून खणासारखी सरकवायची, खुंटी फिरवली की काचेखालून कागदाची गुंडाळी पुढे सरकायची, जुन्या उभ्या खांबाच्या फोनला अडकवायची गोल पट्टी असायची. पण दोनच प्रकार खऱ्या अर्थाने टिकले, झाकण उडणारा आणि चाकासारखा फिरणारा.

मुळात फोनला नंबर असतो हीच गोष्ट फोनपेक्षा उशिराची आहे. बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन गावाने फोन असणाऱ्यांची यादी छापली, ती एका कागदात मावली. त्यात पन्नास नावं होती आणि नंबर एकही नव्हता. एक्सचेंजमधल्या माणसाला सांगायचं, अमुक दुकान द्या. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच लोवेल गावात गोवराची साथ आली. तिथल्या डॉक्टर पार्करला काळजी पडली की सगळ्यांची नावं पाठ असलेले चार ऑपरेटरच आजारी पडले तर नवख्या माणसाला जोडण्या जमायच्या कशा? त्याने सुचवलं, प्रत्येकाला एक आकडा द्या.

आमच्या भागात नावाने फोन जोडायची पद्धत मोठेबाबांच्या आठवणीत होती. फोनची कडी फिरवायची, एक्सचेंजमधून आवाज आला की म्हणायचं, "दवाखाना द्या हो." तालुक्यात फोनच मोजके, नंबर दोन आकडी, आणि ऑपरेटरला कुणाच्या घरी कधी कोण असतं हेसुद्धा ठाऊक. अशा गावाला इंडेक्सची काय गरज? ऑपरेटरच इंडेक्स होता.

आतली पायरी

आता झाकण उडणाऱ्या डब्याचं पोट उघडू. यातली युक्ती समजली की अर्धा छंद समजला.

आत पंचवीसेक जाड कार्डं एकावर एक असतात, वरच्या कडेला बिजागरीत अडकवलेली. सगळ्यात वर ‘ए’, सगळ्यात खाली शेवटची अक्षरं. ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ या तिघांना बहुधा एकाच कार्डात कोंबलेलं असतं. पाहण्यासारखी गोष्ट आहे ती कार्डांची बाजूची कड. ‘ए’च्या कार्डाची कड जवळजवळ पूर्ण असते, फक्त वरच्या टोकाला छोटी खाच. ‘बी’ची खाच त्याहून एक पायरी लांब, ‘सी’ची अजून एक पायरी. असं करत करत शेवटच्या कार्डाची कड पूर्णच कापलेली. सगळी कार्डं उचलून बाजूने पाहिली तर विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात.

झाकणावरच्या काट्याला खालून एक आकडा असतो. (आपल्या भाषेत नंबरही आकडा आणि हुकही आकडा, इथे दोन्ही एकाच डब्यात भेटतात.) हा आकडा कार्डांच्या बाजूने खाली उतरून गठ्ठ्याच्या तळाशी आत वळलेला असतो. काटा ‘एम’समोर आणला की आकडा त्या जागी उभा राहतो. त्या जागी ‘ए’ ते ‘एल’ या कार्डांची कड शाबूत आहे, ‘एम’पासून खालच्यांची कापलेली. खटका दाबला, स्प्रिंगने झाकण उसळलं, त्याबरोबर आकडाही वर आला. ज्यांची कड त्याच्या वाटेत आली ती कार्डं त्याने उचलून नेली, बाकीची जागच्या जागी राहिली. समोर ‘एम’.

खरं वाटत नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांची पाच कार्डं घ्या, आमच्याकडे उन्हाळा संपला की त्यांचा घरोघरी ढीग असतोच. बाजूची कड एकेक बोट जास्त कापत न्या, वरच्या टोकाला दोरा ओवा आणि केसांची पिन वाकवून आकडा करा. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या पुतणीने शाळेत हेच करून नेलं होतं.

युक्ती कळल्याचा फायदा असा की बिघाडही ओळखू येतो. भंगारात डबा हाताला लागला की मी आधी चार अक्षरं लावून पाहतो. ‘एम’ मागितल्यावर ‘एल’ मिळाला, तर ‘एल’च्या कार्डाची कड त्या जागी फाटली आहे, आकड्याला धरायला काही उरलेलं नाही. कोणतंही अक्षर लावा, ‘ए’च निघतो, तर आकडा वाकला किंवा तुटला. मागितल्यापेक्षा पुढचं पान उघडलं तर कार्डं ओल लागून एकमेकांना चिकटली आहेत. पोळ्याच्या सुमारास घेतलेला डबा असा वागला तर घाबरायचं नाही, दिवाळीनंतर तो आपोआप शहाण्यासारखा चालायला लागतो.

न्यूस्टाटर आणि देशमुखांचं पान

या वस्तूंच्या इतिहासात एक नाव पुन्हा पुन्हा येतं, अमेरिकेतला अर्नोल्ड न्यूस्टाटर. जन्म १९१०, मृत्यू १९९६. त्याच्या कंपनीचं नाव झेफिर अमेरिकन. माणसाला नीटनेटकेपणाचा नाद होता आणि प्रत्येक वस्तूच्या नावाला ‘डेक्स’ जोडायचाही. न सांडणारी दौत काढली, ती स्विव्होडेक्स. कागदाला भोकं पाडायचं यंत्र पंचोडेक्स. लघुलेखकाने गुडघ्यावर बांधायचं क्लिपोडेक्स. आणि खटका दाबल्यावर हव्या त्या अक्षरावर उघडणारा डबा, तो ऑटोडेक्स. अशाच झाकणउड्या डब्यांमध्ये न्यू जर्सीच्या बेट्स कंपनीचा लिस्ट फाइंडरही फार खपला. कागदपत्रांवर क्रमांक मारणाऱ्या शिक्क्यासाठी प्रसिद्ध असलेली तीच ही बेट्स.

ऑटोडेक्स चालला खरा, पण झाकणाच्या डब्यात एक मूळचीच अडचण आहे, आणि ती विदर्भातल्या माणसाला अमेरिकेपेक्षा लवकर कळते. आमच्या तालुक्यात देशमुख किती? शिवाय ढोले, डहाके, धोटे, देवतळे हे सगळे ‘डी’वरच. ‘डी’चं कार्ड वर्षभरात भरतं. मग माणूस समासात लिहितो, उभं लिहितो, पाठीमागे लिहितो, शेवटी ‘ई’च्या पानावर बाण काढून पाठवतो. तिकडे ‘क्यू’चं पान कोरं ते कोरंच. पान अक्षराला बांधलेलं आहे, माणसं मात्र अक्षरांमध्ये सारखी वाटलेली नाहीत.

याचं उत्तर म्हणजे रोलोडेक्स. तो आकाराला आला १९५६ मध्ये आणि बाजारात आला १९५८ मध्ये. प्रत्यक्ष रचनेत झेफिरमधला डॅनिश इंजिनियर हिल्डॉर नील्सन याचा मोठा हात होता. फिरणं आणि इंडेक्स या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून नाव केलं. दोन बाजूंना खुंट्या असलेलं चाक, आणि त्यावर उभी लावलेली शेकडो सुटी कार्डं. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला दोन खाचा, त्या चाकावरच्या पट्ट्यांवर दाबून बसवायच्या. ओढलं की कार्ड निघतं, दाबलं की बसतं. एका कार्डावर एकच माणूस. देशमुख पन्नास झाले तर पन्नास कार्डं, ‘क्यू’ला एकही नाही. माणूस गाव सोडून गेला तर कार्ड काढून टाका, शेजारच्याला धक्काही लागत नाही. चाकाची कल्पना त्याआधीच्या व्हीलडेक्समध्येही होती, पण टेबलावर राज्य केलं ते रोलोडेक्सने.

माझं मत विचाराल तर हुशार वस्तू रोलोडेक्स आहे, पण जीव जडतो तो झाकणउड्या डब्यावर. रोलोडेक्समध्ये शोधायचं काम शेवटी आपल्यालाच करावं लागतं. डब्यात ते लोखंडाचा एवढासा आकडा करतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेत याच्याही पुढची पायरी निघाली, कार्ड डायलर. प्लास्टिकच्या कार्डात नंबराची भोकं पाडायची, कार्ड फोनच्या खाचेत घालायचं, फोन स्वतः नंबर फिरवायचा. मी ती वस्तू चित्रातच पाहिली आहे. १९८० च्या दशकात कॅसिओने नंबर साठवणारी मनगटी घड्याळं आणि डिजिटल डायऱ्या काढल्या. त्या गोळा करणारेही आहेत, पण मला त्यात गंमत वाटत नाही. सेल संपला की नंबर गेले.

आपल्याकडे ही वस्तू कधी आली

कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान थेट नंबर फिरवून बोलायची सोय, म्हणजे आपली एसटीडी, १९६० मध्ये सुरू झाली. खेड्यापर्यंत यायला तिला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली. तोवर परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचं. घाई असेल तर अर्जंट, फारच घाई असेल तर लाइटनिंग, आणि पैसे त्या मानाने.

१९८४ मध्ये सी-डॉट ही टेलिफोनचं तंत्र घडवणारी सरकारी संस्था उभी राहिली आणि तिने खेड्यांसाठी १२८ लायनींचं छोटं स्वयंचलित एक्सचेंज तयार केलं. पहिलं बसलं कर्नाटकातल्या कित्तूरला, १९८६ मध्ये. वातानुकूलन नसतानाही ते चालायचं, आणि चंद्रपूर-वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला यातलं मोल सांगायला नको. त्यानंतर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन लावायची दुकानं, आली, अडत दुकानांत, जिनिंगच्या ऑफिसात, खताच्या दुकानात फोन आले. ऑपरेटरला नाव सांगून भागेना. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, वर्धा ०७१५२, यवतमाळ ०७२३२, आणि त्यापुढे नंबर. हे पाठ कोण करणार? टेलिफोन इंडेक्सची खरी गरज आमच्याकडे तेव्हा पडली.

जाता जाता, हे कोड नीट पाहा. मुंबई ०२२, पुणे ०२०, नाशिक ०२५३. उरलेला महाराष्ट्र ‘शून्य दोन’ने सुरू होतो आणि विदर्भ ‘शून्य सात’ने, भोपाळच्या ०७५५ आणि रायपूरच्या ०७७१ च्या पंगतीत. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो. राज्य बदललं, पण फोनच्या तारांच्या हिशेबात आम्ही जुन्या शेजाऱ्यांसोबतच राहिलो.

इकडच्या बऱ्याच डब्या विकत घेतलेल्याही नव्हत्या. बियाणं, खत, औषध विकणाऱ्या कंपन्या दिवाळीला दुकानदारांना भेट द्यायच्या, त्यातल्या त्या. झाकणावर फवारणीच्या औषधाची जाहिरात आणि आत व्यापाऱ्यांचे नंबर. १९९५ च्या ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत नंबर खिशात गेले. म्हणजे खेड्यातल्या टेबलावर या वस्तूला जेमतेम पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य मिळालं. म्हणूनच ती दुर्मीळ मानली जात नाही, आणि म्हणूनच ती पटकन नाहीशी होते आहे.

माझी चूक

पहिला डबा मला मिळाला तो बंद पडलेल्या एका अडत दुकानाच्या सामानात. मोसंबी रंगाचं प्लास्टिक, खटका घट्ट, झाकणाला तडा. भंगारवाला म्हणाला, "कायले पाह्यजे तुले हे? पन्नास रुपये दे न घेऊन जा." मी आणला, स्क्रू खोलले, धुतला, चकचकीत केला. आतली कार्डं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या, कुणाकुणाचे नंबर खरडलेले. डिसेंबरची सकाळ होती. कार्डं मी बंबात घातली आणि त्या पाण्याने अंघोळ केली.

महिन्याभराने त्या दुकानाचे जुने दिवाणजी काही कामाने आमच्याकडे आले. डबा ओळखला. अंगठा खटक्यावर गेला, झाकण उघडलं, आत मी कापून घातलेली कोरी कार्डं. त्यांनी काटा पार खाली नेला, पुन्हा उघडून पाहिलं आणि विचारलं, "एक्सचं पान कुठी गेलं?"

‘एक्स’वर नाव कुणाचं नसतं. म्हणून दुकानात ते पान उधारीवाल्यांचं होतं. ज्यांचे पैसे दोन-दोन हंगाम अडकलेले, त्यांचे नंबर तिथे. मालकाला आणि दिवाणजींना ठाऊक, बाकी गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. ‘डब्ल्यू’वर वानखडे कमी आणि वायरमन, वर्धा, वखार जास्त. वानखड्यांमधले निम्मे ‘व्ही’वर, कारण दिवाणजींचा हात ‘व्ही’ लिहायचा आणि मालकाच्या मुलाचा ‘डब्ल्यू’. हे सगळं त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. मी बंबाचं काही बोललो नाही. उंदराने खाल्लं म्हणालो.

तेव्हापासून माझा नियम उलटा आहे. डबा फुटका चालेल, कागद पाहिजे. परदेशी गोळा करणारे न वापरलेला, खोक्यातला, कोऱ्या कार्डांचा डबा जास्त मोलाचा मानतात. त्यांचं त्यांच्यापाशी. कोरा डबा कारखान्याचं सांगतो, लिहिलेला डबा दुकानाचं सांगतो.

वय ओळखायचं कसं

तारीख छापलेली वस्तू क्वचितच मिळते. पण लिहिलेला कागद वय लपवू शकत नाही. सगळ्यात सोपी खूण पिनकोडची. तो सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. पत्त्यात ४४ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असेल तर ते अक्षर त्यानंतरचं. मुंबईऐवजी बॉम्बे छापलेलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं, पण ‘बहुधा’च, कारण जुनं छापलेलं सामान लोक संपेपर्यंत वापरतात.

विदर्भातल्या वस्तूंना एक जास्तीची खूण आहे. माझ्याकडच्या एका पत्र्याच्या डब्यावर विक्रेत्याचा पत्ता ‘नागपूर, म. प्र.’ असा आहे. पहिल्यांदा वाटलं छापणाऱ्याची चूक. चूक नाही. १९५० पासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची. पुढची साडेतीन वर्षं आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. एवढ्याशा लेबलवरून सात वर्षांच्या आतली तारीख मिळते. पुण्या-मुंबईच्या डब्यावरून इतकं नेमकं कळत नाही.

दुसरी खूण मला फार आवडते. २००३ च्या सुमारास सरकारी लँडलाइनच्या नंबरांआधी २ लागला. त्या काळात वापरात असलेला डबा उघडला की प्रत्येक नंबराच्या डोक्याशी, जागा नसताना, वेगळ्या शाईने दोनचा आकडा घुसवलेला दिसतो. कुणीतरी एका दुपारी बसून अक्षरन् अक्षर काढून, सगळ्या नंबरांना दोन लावत गेलंय. ज्या नावाला दोन लागलेला नाही तो माणूस तोवर संपर्कातून गेला होता, किंवा जगातून.

बाहेरच्या वस्तूंवर मूळ देश वाचा. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधली. अमेरिकन पत्त्यात झिप कोड असेल तर १९६३ नंतरची. काळंभोर जड प्लास्टिक हाताला लागलं तर बेकेलाइट आहे का पाहा. बेकलंड नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते १९०७ मध्ये बनवलं. कोपऱ्यावर अंगठा गरम होईस्तोवर घासा आणि हुंगा, दवाखान्यातल्या फिनाइलसारखा वास आला तर बेकेलाइट. तापलेली सुई टोचून पाहणारे असतात, त्यांना वस्तू हातात देऊ नका. पितळी चकाकी पाहून तर अजिबात भुलू नका. जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या शोभेच्या वस्तूच जास्त चकाकतात.

सांभाळणं

आमच्या हवेत चार शत्रू आहेत. ऊन, ओल, वाळवी आणि घरातली माणसं. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात प्लास्टिकचं झाकण वाकतं, एकदा वाकलं की खटक्यात बसत नाही. पत्र्याच्या डब्याला पाणी लावायचं नाही, कोरडा ब्रश आणि गंजावर रॉकेलचा बोळा पुरतो. बिजागरीला शिलाई मशीनचं तेल एक थेंब, तोही पुसून घ्यायचा, नाहीतर कार्डांवर उतरतो. रंग मात्र देऊ नका. उडालेला रंग कुठे उडाला आहे यावरून तो डबा डाव्या हाताने उघडायचे की उजव्या, हे कळतं.

फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावायचा मोह होतो. ती दोन-तीन वर्षांत पिवळी पडून कागद खाते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ बरी. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकत, पण ते विष आहे, लेकरं असलेल्या घरात नको. शाईच्या पेनाचे नंबर ओल्या हाताने पुसले जातात, बॉलपेनचे टिकतात, पेन्सिलचे सगळ्यात जास्त. आणि फोटो काढून कुणाला पाठवायचा असेल तर नंबर झाकून पाठवा. यातले काही नंबर अजून लागतात. मी एकदा लावला होता, पलीकडून "कोण बोलतं?" आल्यावर काय सांगावं ते सुचलं नाही.

मला अजून न मिळालेली वस्तू म्हणजे मराठी अक्षरांचा झाकणउड्या डबा. तसा कुणी कारखान्यात केला असेल तर माझ्या नजरेला पडलेला नाही. करणं सोपंही नाही. बाराखडीचे स्वर सोडले तरी व्यंजनंच तिशीपार जातात, आणि काट्याला जागा पंचवीसेक. पण ङ, ञ, ण, ळ यांच्यावरून कुणाचं आडनाव सुरू होत नाही, ती गाळा. ट आणि ठ एका पानावर. ठाकरे, ठमके आहेत, पण ट फारसा नाही. सगळे स्वर मिळून दोन पानं, इंगोले आणि उईके त्यात मावतात. व, म, भ, द यांना मात्र दोन-दोन पानं द्यावी लागतात. गेल्या पावसाळ्यात, शेतात जाता येत नव्हतं तेव्हा, पहिल्याच डब्याची बंबात गेलेली कार्डं मी या हिशेबाने नव्याने कापली आणि झाकणावर देवनागरी पट्टी चिकटवली.

आता तो आईच्या खाटेशी असतो. मोबाइलवर नाव शोधणं तिला जमत नाही, अक्षरं बारीक. ती काटा ‘ग’वर नेते, खटका दाबते, गॅसवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात समोर येतो आणि ती एकेक आकडा मोबाइलवर दाबते. परवा पाहिलं तर ‘क्ष’च्या पानावर तिने चार नंबर लिहून ठेवले आहेत. कुणाचे ते विचारलं तर म्हणाली, "तुले काय करा लागते?"